भिंगासमोरचा जीव

रानातल्या लहान कीटकाचे छायाचित्र घेणे ही वरवर पाहता अत्यंत निरुपद्रवी कृती आहे. वाघाच्या किंवा हत्तीच्या छायाचित्रणाभोवती जो गाजावाजा असतो, वाहनांची जी रांग असते, ती येथे नसते. परसातल्या कढीलिंबापाशी, पावसाळा सरता सरता फुललेल्या माळावर, रस्त्याकडेच्या घाणेरीच्या झुडपाशी कोणी एक माणूस गुडघे टेकून बसतो, श्वास रोखून काही क्षण थांबतो, आणि काहीही न उचलता परत जातो. शिकारी मारतो, संग्राहक टाचणीने टोचतो, छायाचित्रकार केवळ पाहतो; म्हणून या तिघांत तो निर्दोष, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज पुरता खोटा नाही, आणि म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे मूळ नीतिशास्त्रात नसून प्रकाशशास्त्रात आहे. एखादी वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यात उमटवायची ठरवली, की त्या प्रतिमेत स्पष्ट दिसणारा थर एक-दोन मिलिमीटरांपुरता उरतो. मुंगीचे डोळे रेखीव आले तर तिच्या मिशा धूसर होतात; मिशा साधल्या तर पोट धुक्यात जाते. शिवाय इतक्या जवळून घेताना भिंगातून आत पोचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. वाऱ्याची झुळूक, हाताचा कंप, कीटकाने सहज उचललेला एक पाय, यांपैकी काहीही चित्र नासवू शकते. स्पष्ट थर वाढवण्यासाठी पुढचे-मागचे असे अनेक थर वेगवेगळे टिपून नंतर संगणकावर एकत्र करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. तीत तर दहा, वीस, कधी शंभर चित्रे पुरी होईपर्यंत जीव जागचा हलून चालत नाही. या कलेची पहिली मागणी सौंदर्याची नाही, प्रकाशाचीही नाही; ती निश्चलतेची आहे. आणि निश्चल असणे हा कीटकाचा स्वभाव नव्हे. मग ही निश्चलता कोणी पुरवायची, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर प्रत्येक छायाचित्रकाराला, बहुधा कोणी पाहत नसताना, द्यावे लागते.

ते प्रामाणिकपणे देण्याचे मार्ग आहेत, आणि ते सुंदर आहेत. कीटकाच्या शरीराची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटे दंवाने भिजलेला चतुर गवताच्या पात्यावर अक्षरशः जखडलेला असतो. सूर्य वर येईपर्यंत तो उडू शकत नाही. ज्याला त्याचे चित्र हवे आहे त्याने आदल्या संध्याकाळी तो कोठे विसावला हे पाहून ठेवावे आणि उजाडण्यापूर्वी तेथे पोचावे. चतुरांच्या कित्येक जातींचा नर पाण्याकाठच्या एकाच काडीवर पुनःपुन्हा येऊन बसतो. उडाला तरी त्याच्यामागे धावण्याचे कारण नाही, काडीजवळ थांबणे पुरे. ओल्या मातीतले क्षार शोषणारी फुलपाखरे त्या कामात इतकी गढलेली असतात की माणूस हळूहळू सरकत जवळ गेला तर त्यांना त्याचे भान नसते. येथे निश्चलता कीटकाचीच असते. छायाचित्रकार तिची वेळ ओळखतो, एवढेच. ही ओळख पुस्तकातून थोडी मिळते आणि ओल्या गवतात बसून अधिक मिळते. पहाटे जडावलेल्या जीवाजवळ जाण्यातही एक अडचण आहेच, कारण त्याला तेव्हा पळता येत नाही. तथापि ते जडपण माणसाने लादलेले नसते.

दुसरे मार्ग जुने आहेत. रॉबर्ट हुक या इंग्रज वैज्ञानिकाचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या जीवांची त्यातली चित्रे आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. मुंगीने मात्र हुकला फार छळले. मेण किंवा डिंक लावून पाय चिकटवले तर ती अंग पिळवटत राही. मारली तर तिचा आकार बिघडे. शेवटी त्याने तिला मद्यार्कात बुडवले. ती बेशुद्ध झाली, त्याने तिचे चित्र काढले, आणि तासाभराने ती झोपेतून उठल्यासारखी उठून पळून गेली. हे सारे हुकने स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्या वृत्तांतात लज्जा नाही, तशी लपवाछपवीही नाही. चित्र कसे मिळाले हे वाचकाला कळलेच पाहिजे, अशी त्यामागची वृत्ती दिसते.

लादिस्लास स्तारेविच याची कथा याच्या पुढची. तो कौनस येथील निसर्गवस्तूंच्या संग्रहालयात काम करीत असे. १९१० च्या सुमारास त्याला हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेल्या नर भुंगेऱ्यांची झुंज चित्रपटात पकडायची होती. हे भुंगेरे रात्री वावरणारे. चित्रणासाठी दिवे लावले की ते गप्प होत, मरून पडत. तेव्हा त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय तारेने जोडले आणि एकेक चौकट घेत त्यांना लढवले. यातूनच बाहुल्यांच्या चलच्चित्रांची एक संपन्न कला जन्माला आली. तिच्या चाहत्यांना हा प्रसंग एक गमतीदार योगायोग वाटतो. पण त्यात एक नेमका बोध दडलेला आहे. जिवंत प्राण्याला ज्या प्रकाशात पाहायचे तो प्रकाशच त्याला सोसत नव्हता, आणि निरीक्षकाने प्रकाश सोडण्याऐवजी प्राण्याचे जिवंतपण सोडले.

आज हेच काम घरातला फ्रीज करतो. कीटक पकडून डबीत घालायचा, काही मिनिटे थंडाव्यात ठेवायचा, आणि तो सुन्न झाला की पानावर मांडून चित्र घ्यायचे. कोणी त्याच्यावर बारीक फवाऱ्याने पाणी उडवून कृत्रिम दंव निर्माण करतो. पाहणाऱ्यापुढे येते ती पहाट. प्रत्यक्षात असते दुपार, आणि तीही स्वयंपाकघरातली. मेलेल्या कीटकाचे पाय मुडपून तो जिवंत असल्याचा भास निर्माण करणारेही आहेत. यांतले प्रत्येक चित्र स्पष्ट, रेखीव आणि देखणे असू शकते. किंबहुना प्रामाणिक चित्रापेक्षा ते अधिक देखणे असण्याची शक्यता जास्त, आणि येथेच खरी अडचण आहे. सत्य आणि असत्य यांच्यात निवड करताना पाहणाऱ्याच्या डोळ्यांची काहीच मदत होत नाही.

मेलेल्या कीटकाचे चित्र घेणे हा काही स्वतःहून अपराध नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. लेव्हन बिस या छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील कीटकांची २०१६ साली प्रदर्शित केलेली चित्रे एकेका नमुन्यासाठी आठ-आठ हजारांहून अधिक प्रतिमा जोडून तयार केली आहेत. त्या चित्रांतला कीटक मृत आहे, संग्रहातला आहे, हे प्रथमपासून उघड आहे; म्हणून त्या भव्यतेत फसवणूक नाही. त्याच्याही फार पूर्वी मारिया सिबिला मेरियन हिने सुरिनामला जाऊन काढलेली, १७०५ साली ग्रंथरूपाने आलेली चित्रे घ्यावीत. एकाच फांदीवर अळी, कोश आणि फुलपाखरू ती एकत्र दाखवते. निसर्गात हे एका क्षणी असे क्वचितच दिसेल. तरीही त्या चित्राला कोणी खोटे म्हणत नाही. कारण काळाच्या तीन टप्प्यांची ती मांडणी आहे हे चित्राची रीतच सांगते. छायाचित्राची रीत वेगळी आहे. ते पाहणाऱ्याला सांगते, ‘हे असे घडले, आणि कोणीतरी तेथे होते.’ फ्रीजमधून काढलेल्या भुंगेऱ्याचे चित्र या वचनाचा भंग करते. त्यात मोडले जाते ते माणसाचे माणसाला दिलेले वचन. कीटकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याची तक्रार असलीच तर ती निराळी आहे.

ती तक्रार ऐकावयाची तर महाभारताकडे वळावे लागते. आदिपर्वातील मांडव्य ऋषी आश्रमाच्या दाराशी मौन धरून तप करीत असता चोरांनी तेथे लूट लपवली. राजपुरुषांनी चोरांबरोबर ऋषीलाही धरले आणि सुळावर चढवले. तो मेला नाही. राजाने पुढे क्षमा मागितली, पण सूळ निघेना. तो तोडावा लागला आणि त्याचे टोक अंगातच राहिले, म्हणून तो अणीमांडव्य. हे कशाचे फळ, असे त्याने धर्मराजाला विचारले. उत्तर मिळाले ते असे, की बालपणी त्याने गवताच्या काडीने कीटकांना टोचले होते. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा, म्हणून मांडव्य संतापला. त्याने धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांच्या आतले कृत्य पाप ठरणार नाही अशी मर्यादाही घातली.

ही कथा सामान्यतः विदुराच्या जन्माची म्हणून, किंवा दंडातल्या प्रमाणाची म्हणून सांगितली जाते. कीटकाचे दुःख ही तिच्यातली एक ओळभराची नोंद आहे. पण ती नोंद आहे, हे थोडे नव्हे. धर्माच्या वहीत काडीने टोचलेला पतंग लिहिला गेला होता. आणि मांडव्याचा आक्षेपही नीट पाहावा. कीटकाला टोचणे हे पापच नव्हे, असे तो म्हणत नाही. ते अल्प होते आणि ते करणारा अजाण होता, एवढेच त्याचे म्हणणे. ही अजाणतेची सवलत छायाचित्रकाराला मागता येत नाही, आणि त्याचे कारण त्याच्याच हातात आहे. ज्या भिंगातून त्याने मुंगीला मिशा स्वच्छ करताना पाहिले, चतुराच्या डोळ्यातली हजारो दालने पाहिली, फुलपाखराची गुंडाळलेली सोंड उलगडताना पाहिली, त्या भिंगाने त्याचे बालपण संपवले आहे. साध्या डोळ्यांना तो एक ठिपका होता. ठिपक्याशी कसेही वागावे. मोठे करून पाहिल्यानंतर मात्र तसे म्हणण्याची सोय उरत नाही.

कीटकाला वेदना होते काय, या प्रश्नावर विज्ञानाचे मत गेल्या चार दशकांत बरेच हलले आहे. १९८४ साली काही कीटकशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की पाय चिरडलेला कीटक त्याच पायावर पूर्वीइतकाच भार देत चालतो आणि मादी खात असतानाही नर प्रार्थनाकीटक समागम थांबवीत नाही. तेव्हा सस्तन प्राण्यांसारखी वेदना त्यांना असावी असे मानण्यास आधार नाही. हा युक्तिवाद दीर्घकाळ निर्णायक मानला गेला. २०२२ साली बम्बलबी जातीच्या मधमाश्यांवरील प्रयोगांत वेगळे दिसले. चटका देणाऱ्या आणि न देणाऱ्या पात्रांतून निवड करताना त्या साखरेचे प्रमाण आणि चटका यांचा मेळ घालतात. गोडी पुरेशी असेल तर चटका सोसतात, नसेल तर टाळतात. केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने असा सौदा होत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात या माश्या कसल्याही लाभाविना लाकडी गोळ्या लोटत राहिल्या. पाहणाऱ्यांना खेळ याखेरीज दुसरा शब्द सापडला नाही. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतकांनी एक जाहीरनामा काढला. कीटकांसह अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांना जाणीव असण्याची वास्तव शक्यता आहे, आणि अशी शक्यता असताना ती डावलून निर्णय घेणे बेजबाबदारपणाचे आहे, असे त्याचे सार आहे. जैन विचाराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. इंद्रियांच्या संख्येवरून जीवांची प्रतवारी करताना त्याने मुंगीला त्रीन्द्रिय आणि माशी-भुंग्यांना चतुरिन्द्रिय मानून केव्हाच जीवांच्या पंक्तीत बसवले होते.

तरीही वेदनेच्या पुराव्यावरच सारी नीती टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. समजा, उद्या असे निर्विवाद सिद्ध झाले की थंडीने सुन्न होणाऱ्या भुंगेऱ्याला कसलाच त्रास होत नाही. मग फ्रीजची वाट मोकळी झाली काय? या संदर्भात कान्टने १७८८ च्या आपल्या ग्रंथात दिलेले एक उदाहरण मोलाचे आहे. लाइब्निट्स हा तत्त्वज्ञ एका कीटकाचे सूक्ष्मदर्शकातून बारकाईने निरीक्षण केल्यानंतर त्याला जपून त्याच्या पानावर परत ठेवीत असे. कारण आपल्याला त्याच्याकडून काही शिकायला मिळाले, जणू आपल्यावर उपकार झाला, असे त्याला वाटे. कान्टला हे उदाहरण माणसाच्या मनाचा कल दाखवण्यापुरते हवे होते. कीटकाच्या संबंधात माणसाचे काही साक्षात कर्तव्य आहे असे त्याच्या तत्त्वज्ञानात बसत नाही. परंतु लाइब्निट्सची कृती कान्टच्या भाष्यापेक्षा मोठी आहे. तीत ऋण आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला त्याची जागा परत करणे, ते पान, ती फांदी, तो वाऱ्याचा कोन. या परतफेडीसाठी वेदनेचा पुरावा लागत नाही. कीटकाच्या आयुष्यात एक सकाळ ही किती मोठी गोष्ट आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

काजव्यांच्या बाबतीत हे विशेष लख्ख दिसते. मे अखेर ते जून या काळात, पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, सादडा, जांभूळ यांची झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश हा नर-मादीचा संवाद आहे. काजव्याचे अळीपण जमिनीत, पालापाचोळ्यात दीर्घकाळ चालते. पंखांचे आयुष्य मात्र मोजक्या आठवड्यांचे, आणि त्यातली प्रत्येक रात्र जोडीदार शोधण्यासाठी. गेल्या काही वर्षांत तेथे काजवा महोत्सवांच्या निमित्ताने गर्दी लोटू लागली. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या, भ्रमणध्वनींचे पडदे यांनी हा संवाद तुटतो. झाडाखाली गोळा होणारे पाय त्याच पाचोळ्यावर पडतात, जेथे पुढची पिढी वाढायची असते. आणि ज्या छायाचित्रांनी या गर्दीला आमंत्रण दिले त्यांतली बरीचशी एका क्षणाची नसतात. कॅमेरा तिवईवर ठेवून कितीतरी वेळ घेतलेल्या अनेक प्रतिमांची ती बेरीज असते. इतके काजवे एकाच वेळी कोणाच्याही डोळ्यांना दिसलेले नसतात. प्रेक्षक ते चित्र पाहून येतो, झाड चित्राइतके भरलेले नाही म्हणून खट्टू होतो, आणि आणखी जवळ जातो. येथे असत्य आणि इजा या दोन गोष्टी, ज्या आतापर्यंत वेगळ्या दिसत होत्या, एकमेकींना हात देतात.

पतंगांसाठी पांढरी चादर टांगून दिवा लावणे हा प्रकार वरवर फार सौम्य. दिव्याकडे पतंग आपणहून येतात, असे त्याचे समर्थन. कोस्टारिकातील जंगलात वेगवान कॅमेऱ्यांच्या साह्याने झालेला आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र सांगतो, की उडते कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत; ते आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात. लक्षावधी वर्षे आकाश हीच उजळ बाजू होती, आणि पाठ आकाशाकडे ठेवली की शरीर सरळ राही. दिव्याजवळ हीच सवय त्यांना घिरट्यांत अडकवते. पतंगाच्या दिव्यावरील प्रेमाविषयी फारसी-उर्दू कवितेने जे काही रचले ते तिचे तिला लखलाभ. छायाचित्रकाराने मात्र ‘ते स्वतः आले’ असे म्हणू नये. रात्रभर दिवा जळत राहिला तर त्या रात्रीचे खाणे आणि मीलन बुडते, आणि पहाटे चादरीवर थकून बसलेल्यांना पक्षी टिपतात. तासाभराने दिवा मालवणारेही असतात. त्यांची यादी थोडी लहान राहते.

छायाचित्रकाराच्या बाजूने दोन बलवान युक्तिवाद केले जातात. पहिला असा, की कॅमेऱ्याने जाळे आणि विषाची बाटली यांची जागा घेतली. हे खरे आहे. विंटर-ब्लाइथ यांचा भारतीय प्रदेशातील फुलपाखरांवरचा ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ साली काढला, तेव्हा फुलपाखरू ओळखणे म्हणजे बहुधा ते पकडणे. त्याच संस्थेने २००८ साली काढलेला आयझॅक किहिमकर यांचा ग्रंथ जिवंत फुलपाखरांच्या छायाचित्रांनी भरलेला आहे. या अर्धशतकात हौशी माणसाच्या हातून मरणारी फुलपाखरे कमी झाली. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. अशा निर्णयामागे जी लोकभावना असते ती संग्रहालयातल्या पेट्यांनी नव्हे, छायाचित्रांनी घडवलेली आहे.

पण संग्राहकाची बाजू इतक्या सहज निकालात काढता येत नाही. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीची नवी जात केवळ छायाचित्रांच्या आधारे वर्णिली गेली. नमुना हाती नव्हता. पुढच्याच वर्षी सुमारे पाचशे शास्त्रज्ञांनी या पद्धतीला सह्यांनिशी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, छायाचित्रात जे दिसते तेवढेच दिसते. शंका आली तर चित्र उलटून पाहता येत नाही, अंतर्गत अवयव तपासता येत नाहीत. असंख्य लहान कीटकांची ओळख तर अशाच अवयवांवरून पटते. तेव्हा एक विचित्र निष्कर्ष स्वीकारावा लागतो. जो संशोधक एक माशी मारून, तिच्यावर स्थळ-काळाची चिठ्ठी लावून ती शतकभर जपून ठेवतो, त्याची हिंसा उघड आणि हिशेबी आहे. जो हौशी माणूस देखण्या चित्रासाठी भुंगेरा गोठवतो आणि त्याखाली रानाचे नाव लिहितो, त्याने मारले कदाचित नसेल. पण जगाच्या ज्ञानात त्याने एक खोटी नोंद घातली. या दोघांत दुसरा अधिक अहिंसक ठरवायचा झाला तर अहिंसा या शब्दाचा अर्थ फारच पातळ करावा लागेल.

दुसरा युक्तिवाद संवर्धनाचा. चित्र पाहून माणसे कीटकांवर प्रेम करू लागतात. तेव्हा एखादी फांदी वाकवली, पुढची चार पाने तोडली, अळीला दुसऱ्या डहाळीवर हलवले, तर एवढ्या थोड्या इजेतून मोठे रक्षण साधते. याला ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सातशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवलेले आहे. अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेव प्रथम अशा लोकांचा समाचार घेतात, जे हिंसेच्याच साधनाने अहिंसा करू पाहतात. त्यांनी दिलेल्या दृष्टान्तात झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याभोवती कुंपण घातले जाते. कीटकाभोवतीचे ‘नको ते’ गवत उपटून त्याचे मोकळे चित्र घेणाऱ्याला हा दृष्टान्त जसाच्या तसा लागू पडतो. ते गवत त्याला लपवत होते. चित्र घेऊन माणूस गेल्यावर तो कीटक कोतवालासमोर किंवा सरड्यासमोर तितकाच उघडा राहतो.

कायद्याची भाषाही हळूहळू या दिशेला आली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने शिकारीची जी व्याख्या केली तीत पकडणे, हुसकावणे, आमिष दाखवणे हेही येते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद त्यात होतीच. २०२२ च्या दुरुस्तीने तिला अशी अट जोडली, की अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होता ते व्हावे. अर्थात अभयारण्याबाहेरच्या माळावर, बांधावर, परसात, जेथे बहुतेक कीटक राहतात, तेथे कोणी परवाना तपासायला येत नाही.

एक प्रश्न अधिक अवघड आहे. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या चिकट केसांत अडकलेली माशी तडफडत असताना छायाचित्रकाराने काय करावे? सोडवावी, तर वनस्पतीचे पोषण हिरावले. न सोडवावी, तर एका जीवाच्या अंताचे चित्र करून त्याची वाहवा मिळवायची. कोळ्याच्या जाळ्याशीही हाच पेच. (कोळी कीटकांत मोडत नाही, पण छायाचित्रकार हा भेद क्वचितच पाळतात.) यावर न सोडवणे हेच योग्य असे म्हणावे लागते, कारण तेथे माणूस पाहुणा आहे, न्यायाधीश नाही. मात्र एक सीमा स्पष्ट आहे. मृत्यू पाहणे वेगळे आणि मृत्यू मागवणे वेगळे. जो माशी पकडून दवबिंदूवर ठेवतो, किंवा प्रार्थनाकीटकासमोर नाकतोडा धरून ‘शिकारीचे’ चित्र घेतो, तो निसर्गाचा साक्षीदार राहिला नाही. त्याने ती घटना घडवून आणली आणि तिच्यावर निसर्गाची सही केली.

ज्ञानदेवांच्या त्याच विवेचनात पुढे चालण्याचे वर्णन येते. अहिंसक माणूस पाऊल टाकतो ते पाण्यात लाट न मोडता जाणाऱ्या बगळ्यासारखे, केसर चुरगळेल या शंकेने कमळावर पाय ठेवणाऱ्या भ्रमरासारखे. कारण कणाकणांत लहानगे जीव गुंतले आहेत हे त्याला ठाऊक असते. हे वर्णन बहुतेकांना आठवते. त्यानंतर डोळ्यांविषयी येते ते तितके आठवले जात नाही. भूतमात्रांत जे तत्त्व आहे त्याला आपली नजर रुतेल, या भयाने तो सहसा कोणाकडे पाहतच नाही. आणि आतल्या कृपेने कधी दृष्टी टाकलीच, तर चकोराला चंद्रबिंबापासून जसे न दिसता पोषण मिळते तशी ती पोचते. पाहण्यानेही इजा होऊ शकते, हा विचार कॅमेऱ्याच्या युगात प्रथमच सुचला असे मानणाऱ्यांनी हा भाग वाचण्यासारखा आहे. छायाचित्रकाराने डोळे मिटावेत असे त्यातून निघत नाही. निघते ते एवढेच, की नजर ही आपोआप निष्पाप नसते. तिला वजन असते, आणि ते हलके करणे हे पाहणाऱ्याचे काम आहे.

ते हलके करण्याच्या रीती अगदी साध्या आणि काहीशा खर्चिक आहेत. शंभर मिलिमीटरच्या भिंगाने कीटकाची पूर्णाकार प्रतिमा घ्यायची तर त्याच्या फार जवळ जावे लागते. त्याऐवजी एकशेऐंशी किंवा दोनशे मिलिमीटरचे भिंग वापरले तर अंतर पाच-सहा बोटांनी वाढते. ते भिंग महाग असते, जड असते. हात लवकर दुखतो, कंप वाढतो, आणि दहांतली आठ चित्रे वाया जातात. पण तेवढ्या पाच-सहा बोटांच्या अंतरात मुंगी तोंडातला दाणा टाकून देत नाही, आणि चतुर आपल्या काडीवरून उठत नाही.